पणजीच्या फोटोतलं लुगडं पुन्हा नेसताना

दहा-बारा वर्षांपूर्वी एका हौशी नाट्यसंस्थेच्या नाटकाची वेशभूषा माझ्याकडे होती. काळ १९००च्या आसपासचा, घर पुण्यातलं. नायिकेला मी शिवलेली नऊवारी दिली: कमरेला इलॅस्टिक, खाली फॉल, वर सॅटिनचं ब्लाउज आणि पार हनुवटीपर्यंत येणारी नथ. प्रयोग संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी रंगपटात आल्या आणि म्हणाल्या, "छान झालं हो सगळं. फक्त तुमच्या नायिकेला कासोटा होता की पायजमा, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

त्यानंतर मी जुने कपडे नव्याने करायला शिकले. परवा आत्याच्या पंचाहत्तरीला आम्ही घरातला एक जुना फोटो जसाच्या तसा पुन्हा काढला. त्या निमित्ताने चारजणींनी "कसं केलंस गं?" विचारलं, म्हणून हे लिहून काढते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे "जुन्या काळातली बाई" अशी कोणी नसते. "पेशवाई लूक" या नावाखाली मिळतो तो कोणाचाच लूक नसतो. एक बाई धरा, एक गाव, एक वर्ष आणि शक्यतो एक प्रसंग. १८८०ची साताऱ्याची सावकारीण आणि १९१०ची गिरगावातल्या कारकुनाची बायको यांच्या चोळीपासून जोडव्यांपर्यंत फरक असतो. जातीप्रमाणे नेसण बदलतं, गावाप्रमाणे काठ बदलतात. मला हे सोपं गेलं, कारण फोटोच्या पुठ्ठ्यामागे शाईने "शके १८३०" लिहिलं होतं. शकात ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन १९०८. फोटोत पाच बायका: पणजी, तिची धाकटी जाऊ, दोन लेकीसुना आणि कडेला उभी पणजीची नणंद.

फोटो आधी वाचायचा

फोटो चांगला स्कॅन करून घ्या. मोबाइलने काचेवरून काढलेला फोटो चालत नाही, काठाची नक्षी हातची जाते. मग मोठा करून तुकड्यातुकड्याने बघा आणि वहीत लिहा. आधी फक्त दिसतं ते, अंदाज नंतर. "डाव्या हातात काचेच्या सात बांगड्या, त्यांच्या मागेपुढे सोन्याच्या दोन" असं.

फोटो उलटा छापलेला नाही ना, हे लगेच तपासा. पुस्तकात आणि इंटरनेटवर जुने फोटो सर्रास आरशातल्यासारखे उलटे पडतात. आपल्याकडे नथ डाव्या नाकपुडीत. ती उजवीकडे दिसली की फोटोवर संशय घ्या, नाहीतर पदरही चुकीच्या खांद्यावर जाईल.

मापं फोटोतूनच काढता येतात. कपाळाच्या केसांपासून हनुवटीपर्यंतचं अंतर साधारण १८ सेंटिमीटर धरलं, त्यावरून पणजीच्या लुगड्याचा काठ मोजला तो साडेतीन इंच भरला. माझ्या मनातला काठ पाच इंची होता, टीव्हीवरून आलेला.

आता रंग. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना निळा उजेड चटकन दिसायचा, लाल जवळजवळ दिसायचाच नाही. त्यामुळे फोटोत लाल रंग हमखास काळा होतो, पिवळाही बराच गडद येतो आणि निळा मात्र फिकट पडतो. म्हणजे "काळी" दिसणारी साडी काळी असेलच असं नाही. घरात कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत असतं, "ही बघ, आजीची चंद्रकळा." असेलही. पण ते लाल लुगडंही असू शकतं. ओळखायची एक युक्ती आहे. फोटोतल्या कपाळावरचं कुंकू बघा. ते लाल होतं एवढं तर नक्की ठाऊक आहे ना? ते किती काळं आलंय, ते बघा आणि त्याच्याशी बाकीचं ताडून पाहा. कुंकू म्हणजे त्या फोटोतली तुमची रंगपट्टी. आणि स्टुडिओत हाताने रंगवलेले फोटो असतील तर रंगांवर काडीचा विश्वास ठेवू नका. रंगवणाऱ्याच्या बशीत जो रंग होता तो त्याने लावला.

गोधडी उसवा

जुनं लुगडं घरात कुठे सापडेल? ट्रंकेत नाही. जरीचं असेल तर ते चांदीच्या भावाने मोडीत गेलं किंवा बोहारणीला गेलं. पणजीच्या पैठणीच्या बदल्यात आलेलं पातेलं आमच्याकडे अजून आहे, त्यात दूध तापतं. पण सुती लुगडी बोहारणीकडे गेली नाहीत, ती गोधडीत गेली. वरची खोळ बदलत राहिली, आत मात्र जुने थर तसेच.

आत्याकडची गोधडी मी एका कोपऱ्यात वीतभर उसवली. टाके कापायचे नाहीत, सुईच्या टोकाने एकेक सैल करायचा. तिसऱ्या थरात रुईफुली काठ निघाला. वरून तो मातकट गुलाबी दिसत होता. पण काठाच्या दुमडीत, जिथे शंभर वर्षांत ऊन पोचलंच नव्हतं, तिथे रसरशीत लाल. अंगाचा रंग गर्द हिरवा. तेवढ्याचा फोटो दिवसाउजेडी काढला, शेजारी पट्टी ठेवली, दर इंचात धागे किती ते भिंगाने मोजले आणि कोपरा परत तसाच शिवून टाकला. सबंध गोधडी उसवून लुगडं बाहेर काढायचा मोह होतो, तो आवरा. आणि कोणाकडे जुनं रेशमी लुगडं अखंड सापडलंच, तर ते नेसू नका. घडीवर रेशीम आधीच चिरलेलं असतं, नेसताना पहिल्या निरीला फाटतं. ते बघायचं, मोजायचं, मलमलीत गुंडाळून ठेवायचं आणि दर वर्षी घडी बदलायची.

कागद आणि माणसं

जमाखर्चाच्या वह्या, लग्नातल्या याद्या, रुखवताच्या याद्या असतील तर सोन्याहून मोलाच्या. बहुतेक मोडी लिपीत असतात. पुण्यात मोडी शिकवणारे आणि वाचून देणारे मिळतात. आमच्या एका वहीत "लुगडे इरकली १, खण ४" एवढीच ओळ होती, पण तेवढ्यावरून कापड ठरलं.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना "तेव्हा काय नेसायचे?" असं कधी विचारू नका. "नऊवारी" एवढंच उत्तर येतं. "आजी सकाळी उठल्यावर आधी काय करायची?" असं विचारा. आत्या म्हणाली, "फणेरपेटी उघडायची. अनामिकेने मेण लावायची, मग त्यावर पिंजर. मेण संपलं की आमच्यावर ओरडायची, आम्ही बाहुलीला लावायचो ना." मला हवं होतं ते सगळं त्या तीन वाक्यांत आलं. फणेरपेटी, म्हणजे फणी-कुंकवाची पेटी, बघायची असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. तिथे घरगुती वस्तू बघताना माझा अर्धा दिवस सहज जातो. मुंबईकरांनी भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयातल्या मातीच्या लहान मूर्ती बघाव्यात. वेगवेगळ्या समाजांचे लोक त्यात केलेले आहेत, आणि मूर्ती असल्यामुळे पाठीमागचा कासोटाही दिसतो. फोटोत तो कधीच दिसत नाही.

चित्रांबद्दल एक इशारा. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि त्याच्या देव्या घरोघरी भिंतीवर लागल्या. सुंदर आहेत, पण ती चित्रकाराची मांडणी आहे, पुरावा म्हणून धरू नका. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी काढलेल्या रस्त्यावरच्या, बाजारातल्या बायका मला जास्त भरवशाच्या वाटतात. फोटोसुद्धा डोळे मिटून घेऊ नये. डॉ. आनंदीबाई जोशींचा १८८५चा फिलाडेल्फियातला प्रसिद्ध फोटो "नऊवारीचा नमुना" म्हणून लोक दाखवतात. पण अमेरिकेच्या थंडीत पोटऱ्या उघड्या टाकणारं नेसण त्यांनी बदललं होतं, तिथे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसायच्या. फोटो अस्सल आहे, नऊवारीला मात्र निरुपयोगी.

कापड

इरकली लुगडं म्हणजे कर्नाटकातल्या इलकलचं, सुती अंग आणि रेशमी पदर. हातमागाचं आजही मिळतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. दुकानदार "नऊवारी" म्हणून आठ मीटरला कमी देतात, तेव्हा तिथेच मोजून घ्या. उंच बाईला पाऊण मीटरनेसुद्धा कासोटा कमी पडतो.

दुकानात "प्युअर कॉटन" ऐकलं की काठाजवळचा एक धागा मागा आणि घरी जाळून बघा. सुताची कागदासारखी राख होते, रेशमाला केस जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. खणाच्या नावाखाली आज मिळतो त्यातला बराचसा माल गोळी होणारा असतो. अस्सल खण गुळेदगुड्डचा. तो शोधावा लागतो, पण मिळतो.

नव्या लुगड्याला खळ असते, ते उभं राहतं. फोटोतलं लुगडं तसं नसतं, ते अंगासरशी पडलेलं असतं. म्हणून दोन-तीन वेळा साध्या पाण्यात भिजवून, पिळून, सावलीत वाळवा. इस्त्री करू नका. रात्रभर घडी करून गादीखाली ठेवा.

"नैसर्गिक रंगच पाहिजे" असा एक हट्ट हल्ली दिसतो. १९०८साठी तो चुकीचा आहे. कृत्रिम रंग १८५६ पासून निघाले, मंजिष्ठेचा लाल रंग १८६९ पासून कारखान्यात व्हायला लागला, नीळही १८९७ पासून. पणजीचं लुगडं गडद, भडक असणार, आणि ती त्यावर खूष असणार.

चोळी

वेळ सगळ्यात जास्त चोळीला जातो आणि जावाच. लुगडं नेसण्यातली चूक पदराखाली झाकते, चोळीची बाही उघडीच असते.

फोटोत पणजीने गाठीची चोळी घातली आहे: पुढे दोन टोकं, छातीखाली गाठ, हुक-बटण काही नाही. बाही कोपराच्या वरपर्यंत, अगदी घट्ट. खणाचा काठ बाहीच्या कडेला येतो आणि तोच काठ खाली बरगडीवर येतो. म्हणजे कापताना आधी काठ कुठे पडणार ते ठरवायचं, मग बाकीचं. तिच्या धाकट्या जावेने मात्र पोलकं घातलं आहे, गळ्याला बारीक झालर, पुढे बटणं. एकाच घरात, एकाच दिवशी. वयाचा फरक सहा-सात वर्षांचा. हेच मला फार आवडतं. फॅशन बदलताना दोघी शेजारी शेजारी बसल्यात.

खणाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाची चोळी शिवून बघा. माझ्या पहिल्या मांजरपाटात हात वर केला की सगळी चोळी गळ्याशी. कारण मी आजच्या ब्लाउजसारखा मुंढा (बाही जोडतात तो घेर) कापला होता. जुन्या चोळीत मुंढ्याला गोलाई नसते. बाही सरळ, पाठ सरळ आणि बगलेत तिरका बसवलेला छोटा चौकोनी तुकडा. हात वर जातो तो त्या तुकड्याच्या जिवावर. चार बोटं लांब, चार बोटं रुंद तुकडा घ्या, टोक वर, टोक खाली. खणाच्या तिरप्या धाग्यामुळे तो ताणला जातो आणि परत जागेवर येतो. तो बसवायला मला एका बगलेला दीड तास लागला, दुसऱ्या बगलेला पन्नास मिनिटं.

पणजीची चोळी हाताने शिवा: धावदोरा, मग कड दुमडून हेम. बारीक टाका, इंचाला दहा तरी. जावेचं पोलकं मात्र खुशाल मशिनवर. १९०८ साली पुण्यातल्या शिंप्यांकडे मशिनं होतीच. आतून काय घालायचं हा प्रश्न सगळ्या विचारतात. मी प्रामाणिक उत्तर देते: तेव्हा चोळीच आधार होती, तशी घट्ट शिवली तर आजही पुरते. ज्यांना धीर झाला नाही त्यांनी आपलं नेहमीचं घातलं, पट्टा दिसणार नाही एवढं बघितलं.

नेसणं

परकर नाही, पिन नाही, नाडी नाही. लुगडं कमरेमागून घेऊन दोन्ही बाजूंचे वरचे काठ बेंबीवर आणायचे आणि पक्की गाठ मारायची. सगळं लुगडं या गाठीवर तोललेलं असतं, ती सैल पडली की पुढचं सगळं वाया. लांब बाजू पदराची. ती मागून फिरवून डाव्या खांद्यावर, पदर हवा तेवढा सोडून. मधल्या कापडाच्या निऱ्या करून खोचायच्या, मग पायांमधून काठ मागे ओढून कासोटा खोचायचा. वाचून हे येत नाही. सात दिवस रोज नेसा. तिसऱ्या दिवशी रडू येतं, पाचव्या दिवशी हात आपोआप चालतात. कासोटा खोचल्यावर एकदा मांडी घालून खाली बसा, उठा, दोन जिने चढा. मग जो सैल पडेल तो घट्ट करा. चित्रीकरणासाठी सहा तास नेसून राहायचं असेल तर एवढं कराच.

पणजीचा पदर दोन्ही खांद्यांवरून आहे. त्यासाठी पदर तीन हात तरी मोकळा ठेवावा लागतो, तो पुढे आणून कमरेला खोचतात. फोटोसाठी आणि देवळात जाताना तसाच घेत, असं आत्या सांगते.

दागिने, केस, कुंकू

यावर मी थोडंच लिहिते, कारण सगळ्या इथूनच सुरुवात करतात आणि इथेच चुकतात. फोटोत दिसतात तेवढेच दागिने. पणजीच्या गळ्यात काळी पोत, दोन वाट्या, गळ्यालगत ठुशी आणि खाली पुतळ्यांची माळ. संपलं. तुळशीबागेतून सगळं एकदम आणलंत तर बाई लग्नाच्या स्टेजवरची दिसेल. मंगळसूत्र आखूड, गळ्यालगत. छातीपर्यंतचं नंतरचं आहे.

मोती एकसारखे गोल घेऊ नका. कल्चर केलेले मोती बाजारात आले ते पहिल्या महायुद्धानंतर. त्याआधीचे मोती आखातातून मुंबईत येत आणि बिनघडणीचे, लहानमोठे असत. मी रविवार पेठेतून गोड्या पाण्याचे वेडेवाकडे मोती आणले आणि नथ गाठवून घेतली. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ चालते, फोटोत कळत नाही. आकार मात्र लहान. अंगठ्याच्या नखापेक्षा फार मोठी नको.

केस मधोमध भांग पाडून तेलाने चापून चोपून, मागे खोपा. केस कमी असतील तर गंगावन. शाम्पू केलेले भुरभुरे केस ही आजची ओळख आहे, ती आधी पुसा. टिकली लावू नका. मेणावर पिंजर लावून बघा, ओलसर, किंचित उंच कुंकू दिसतं, टिकलीला ते येत नाही. आणि कोरलेल्या भुवया पंधरा दिवस आधीपासून वाढवा. एका चुलत बहिणीने ऐकलं नाही. सगळ्या फोटोत तिच्या भुवया एकविसाव्या शतकातल्या आहेत.

पाचवी बाई

फोटोत कडेला उभी असलेली ती नणंद. "काळी चंद्रकळा नेसलेली" असं आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलो. मोठं करून पाहिलं तर काठ नाही. हातात बांगडी नाही. बाहीची कड नाही, कारण चोळीच नाही. पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला आणि त्याखाली केसांचा फुगवटा नाही. कपाळ कोरं. साडीचा काळा रंग शेजारणीच्या कुंकवाएवढाच काळा. ते लाल होतं. आलवण, विधवेचं.

मी फोटो आत्यापुढे धरला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "तेराव्या वर्षी. आजी सांगायची."

चार बायकांच्या जागांवरून आमच्याकडे भांडणं झाली होती. पणजी कोण होणार, पोलकं कोण घालणार. पाचवीसाठी कोणी पुढे आलं नाही. सुनांपैकी एक म्हणाली, तिला वगळूया ना, वाढदिवस आहे. आत्या म्हणाली, मग फोटो कशाला काढता?

ती मी झाले. तयारीला काही लागलंच नाही. जाडंभरडं सुती कापड, एकाच लाल रंगात बुडवलेलं, काठ नसलेलं. केस घट्ट बांधून सपाट केले आणि पदर पुढे ओढला. बाकीच्या चौघींना अडीच तास लागले, मला दहा मिनिटं.

फोटो भाच्याने काढला. कृष्णधवल केल्यावर सगळं चुकीचं दिसायला लागलं. कुंकू राखाडी, माझं आलवण राखाडी, पणजीच्या हिरव्या लुगड्यासारखंच. मोबाइलच्या साध्या फिल्टरने असंच होतं. मग त्याला सांगितलं की रंगीत फोटोतला लाल आणि हिरवा चॅनेल काढून टाक, फक्त निळा ठेव. जुन्या प्लेटेला जे दिसायचं तेच मग आपल्याला दिसतं. त्याने दोन बोटं सरकवली. पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळं झालं, काठ काळे झाले आणि कडेला उभी असलेली मी पायापासून डोक्यापर्यंत काळी.

आत्याने चष्मा पुसला आणि जुना फोटो शेजारी धरून काठ मोजायला लागली.